मदत हवी आहे : क्रोशाच्या टोपीला झालर पडते आणि दुपटं अरुंद होत चाललंय

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण एप्रिलमध्ये आहे, जळगावला आईकडे. बाळंतविडा मी करणार, असं मीच सगळ्यांना सांगून बसले आहे. शिवणाचं काम उरकलं. मलमलीची सहा झबली, लंगोट आणि एक कुंची तयार आहे. अडलंय ते क्रोशाचं. टोपी आणि दुपटं मला हातानेच विणून द्यायचंय, विकत आणायचं नाही. दोन महिने हातात आहेत.

क्रोशा मी दिवाळीनंतर शिकायला घेतला. सासूबाई पूर्वी तोरणं, रुमाल, ताटावरची झाकणं भराभर करायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या बारीक काम करत नाहीत, पण विणलेलं बोटांनी चाचपून चूक सांगतात. टाक्यांची इंग्रजी नावं मी त्यांच्याकडच्या एका जुन्या विलायती पुस्तिकेवरून पाठ केली. टोपीचा नमुना मात्र इंटरनेटवरून घेतला आहे. आता अडचणी सांगते.

टोपीच्या नमुन्यात लिहिलंय की सुरुवातीच्या कड्यात १२ डबल क्रोशे, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे २४, तिसऱ्या फेरीत ३६. मी मोजून तेवढेच घातले. तिसऱ्या फेरीपासून कडेला लाटा यायला लागल्या, चौथ्या फेरीत तर मोदकाच्या पारीसारख्या चुण्या पडल्या. टेबलावर दाबून धरलं तरी सपाट बसत नाही. तीनदा उसवून परत केलं. सुई नमुन्यात सांगितलेलीच आहे, ३.५ मिमी. सासूबाईंनी हात फिरवून सांगितलं, "अगं, हे टाके बुटके आहेत. इथे खांब हवेत." पण पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहिलं तर माझा डबल क्रोशे बरोबर आहे, त्यामुळे मी तसंच पुढे गेले.

दुपट्याची सुरुवात ६० खांबांनी केली. आज दहावी ओळ संपली आणि मोजले तर ५१ भरले. दोन्ही कडा सरळ हव्या होत्या, त्या आत आत चालल्या आहेत. एकही टाका सुटलेला दिसत नाही.

तिसरं लोकरीचं. मी पिवळी अ‍ॅक्रिलिक लोकर आणली, चार पदरी, हाताला मऊ आहे. दोन गुंडे आधी आणले, तिसरा पंधरा दिवसांनी त्याच दुकानातून. दुकानदाराने तोच रंग म्हणून दिला, पण उन्हात धरला तर नवीन गुंडा किंचित केशरी दिसतो. शिवाय आई म्हणते की एप्रिल-मेमध्ये जळगावात ४२-४३ अंश असतं, त्यात लोकरीची टोपी कोण घालणार? तिचं म्हणणं मला पटतंय, पण दीड गुंडा विणून झालाय. काय करू?

जाणकारांनी सांगावं. उसवायची तयारी आहे, फक्त या वेळी कारण कळून उसवायचंय.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत आणि तुमची पुस्तिकाही बरोबर आहे. घोळ नावाचा आहे.

ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढायचा, सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम काढायचा. बुटका, घट्ट टाका. अमेरिकन पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, आधी सुईवर एक वेढा घेऊन मग दोन-दोन फासांतून दोनदा काढायचा. त्यालाच ब्रिटिश लोक ट्रेबल म्हणतात. तुमची पुस्तिका विलायती, नमुना बहुतेक अमेरिकन. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' हा शब्द आहे का बघा. असेल तर तो अमेरिकन समजा, आजच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका सहसा नसतो.

आता चुण्या का पडतात ते. दर फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या जेवढी वाढली, त्याच्या सहापटीपेक्षा थोडा जास्त घेर वाढतो, शाळेतलं दोन गुणिले ३.१४. मुका खांब जेमतेम रुंदीइतकाच उंच, म्हणून त्याला दर फेरीत ६ टाके वाढवले की वर्तुळ सपाट बसतं. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच, त्याला १२ लागतात. तुम्ही बुटक्या टाक्याला उंच टाक्याची वाढ दिली. दर फेरीत दुप्पट कापड आलं, ते बसायला जागा नाही, मग ते वर उठणारच. उलट झालं असतं, म्हणजे खांबाला फक्त ६ची वाढ दिली असती, तर वाटीसारखा खोलगट आकार आला असता. हे एकदा हातात बसलं की कुठलंही गोल काम बघून कारण ओळखता येतं. लाटा आल्या तर टाके जास्त, वाटी झाली तर टाके कमी.

नमुन्याबरोबर आकृती असेल तर नावं वाचूच नका. इंग्रजी टी अक्षराच्या दांड्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब. जपानी नमुनेही मी असेच बघून करते, भाषेचा एक शब्द येत नसताना.

प्रतिसाद २

दुपट्याबद्दल. प्रत्येक ओळीत एक टाका याप्रमाणे नऊ ओळींत नऊ गेले, म्हणजे चूक एकाच ठिकाणी आणि दर वेळी तीच होते आहे. ओळ उलटताना तुम्ही तीन साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढलेले साधे फास, घालता ना? त्या तीन साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब असतो. परत येताना शेवटी त्याच साखळ्यांच्या वरच्या टोकात एक खांब घालायचा असतो. तो दिसत नाही, कारण साखळी खांबापेक्षा बारीक असते आणि कडेला कलंडते, त्यामुळे ओळ संपली असं वाटतं.

उपाय एकदम साधा. तीन साखळ्या घातल्या की लगेच तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवा. परत येताना पिनेपाशी पोचेपर्यंत ओळ संपलेली नाही. मी पहिली दोन वर्षं रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवत असे, पण पिन बरी, गळून पडत नाही. आणि दर दोन ओळींनी मोजा. दहा ओळींनी मोजलं की दहा ओळी उसवाव्या लागतात.

प्रतिसाद ३

लोकरीविषयी आईचं ऐका. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, उन्हाळ्यात बाळाच्या मानेपाशी घामोळं येईल. सुती दोरा घ्या, चार पदरी, मऊ पिळाचा. तोरणाचा चकचकीत दोरा नको, तो कडक असतो आणि टोपीची कड बाळाच्या कपाळावर उमटते. सुती दोऱ्याला लोकरीसारखा ताण नसतो, म्हणून माप नीट घ्या. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर. टोपी त्याहून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी. ३३ ते ३४ला ३.१४ने भागलं की साडेदहा-पावणेअकरा येतात. म्हणजे वरची चकती साडेदहा सेंटिमीटर व्यासाची झाली की वाढ थांबवायची आणि टाक्यावर टाका सरळ खाली विणत यायचं. आधी १० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणून बहीण धुणार तसाच धुवा, बादलीत भिजवून उन्हात वाळवा, मग मोजा. सूत पहिल्या धुण्यात आटतं.

विणलेलं अ‍ॅक्रिलिक वाया जाणार नाही. बाळ एप्रिलचं, म्हणजे थंडी पडेल तेव्हा आठ महिन्यांचं असेल. तेव्हा डोकं ४४-४५ सेंटिमीटरच्या घरात असतं. तीच लोकर वापरून त्या मापाची टोपी आता करून ठेवा, डिसेंबरात नेमकी होईल. त्यावर इस्त्री मात्र कधीच फिरवू नका. उष्णतेने अ‍ॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं, परत पूर्वीसारखं होत नाही.

गुंड्याच्या वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट नंबर छापलेला असतो. एकाच कढईत रंगवलेल्या मालाचा तो नंबर. पुढच्या वेळी सगळे गुंडे एकाच लॉटचे, एकदम आणा, एक जास्तच आणा. आताच्या तिन्हींचं करायचं तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, अशा आलटून पालटून विणा. फरक कापडभर पसरतो आणि डोळ्याला कळत नाही. जुना संपल्यावर नवा जोडलात तर तिथे रेघ दिसते.

प्रतिसाद ४

एक राहिलं. सुयांचे नंबर मिलिमीटरशी गोंधळू नका. दुकानात दोन सुयांच्या विणकामाला १० नंबर मागितलं तर जुन्या ब्रिटिश मापाची सुई मिळते, ती ३.२५ मिमी असते. ८ नंबर ४ मिमी. नंबर मोठा तितकी सुई बारीक. सासूबाईंच्या डब्यातल्या स्टीलच्या क्रोशाच्या सुयांचंही तसंच आहे. नमुन्यातलं मिलिमीटर बघा आणि सुई पट्टीवर मोजून घ्या.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. नमुना उघडून पाहिला, शेवटच्या फेरीत सिंगल क्रोशे लिहिलंय, म्हणजे अमेरिकनच. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आम्ही नाव नाही बघायचो, उंची बघायचो." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून पहिले बारा खांब मोजत घालून घेतले.

काल तुळशीबागेतून पांढरा सुती दोरा आणला, पाच गुंडे, सगळ्यांचा लॉट एकच. धुतलेला तुकडा १० चा साडेनऊ झाला, बरं झालं आधी धुतला. दोरा आटतो म्हणून चकती थोडी मोठी, ११ सेंटिमीटरची केली. टेबलावर ठेवली तर पापडासारखी सपाट. दुपट्याची पिवळी लोकर उसवून परत गुंडाळली आहे, त्याची थंडीची टोपी करीन. दुपटं सुती दोऱ्याचं, पिन लावून, सात ओळी झाल्या, अजून ६० च्या ६० आहेत.

आता दोनच प्रश्न. टोपीला गळ्याखाली बांधायला नाडी करू का? आणि दुपट्याला मधे जाळीचं नक्षीकाम आवडलंय, ते बाळासाठी चालेल का?

प्रतिसाद ५

नाडी नको. बाळाच्या गळ्याशी दोरी, गोंडा, मणी, बटण काहीच नको. टोपी कानावर नीट बसेल इतकी खोल करा, मधल्या टोकापासून कडेपर्यंत साधारण १३ सेंटिमीटर, म्हणजे नाडीची गरज पडत नाही. बहिणीलाही सांगा, झोपताना टोपी काढून ठेवायची. बाळाच्या डोक्यातून उष्णता बाहेर पडायला हवी, जळगावच्या उन्हाळ्यात तर हवीच.

जाळी मोठी नको. भोकात बाळाची बोटं अडकतात आणि दोरा बोटाला गुंडाळला गेला तर लवकर लक्षात येत नाही. खांबाला खांब लागून राहू दे. नक्षी हवीच तर शेवटच्या फेरीला कडेनं कमानी करा, पाच-पाच खांबांच्या. आणि दोऱ्याची टोकं कापण्याआधी सुईने आतून सहा-सात सेंटिमीटर ओवा, एकदा एका बाजूला आणि परत उलट बाजूला. सुती दोरा निसरडा असतो, एकाच बाजूला ओवलेलं टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर येतं.

धागाकर्ती

नाडी रद्द. कमानी करते. एका कमानीला पाच खांब, तर दुपट्याच्या कोपऱ्यावर किती घ्यायचे? तिथे कड आत ओढली जाईल असं वाटतंय.

प्रतिसाद ५

बरोबर वाटतंय तुम्हाला. कोपऱ्यावर सात घ्या. एक बाजू विणून सपाट बसते का बघा, मग पुढच्या कोपऱ्याला हात घाला.