मदत हवी आहे: कमरेखाली जाणीव नाही, तरी पायाची आग. डॉक्टर म्हणतात मेंदूची तपासणी करा

केजकर८१ (रात्री ११.४०)
भावाला झोप नाही, घरात कुणालाच झोप नाही. पाय लाकडावाणी पडलेत, टाचणी टोचली तरी कळत नाही. पण दहा वाजले की म्हणतो, तळपायाखाली कुणीतरी तापलेला तवा धरलाय. मधूनच करंट बसल्यागत ओरडतो. आज लातूरला एका ठिकाणी दाखवलं, तर ईईजी काढा म्हणले. साडेतीन हजार, अन् नंतर मशीनच्या दहा बैठका, त्याचे वेगळे. मार पाठीत, दुखणं पायात, तपासणी डोक्याची? शेजारपाजारचे आधीच म्हणायलेत याच्या डोक्यावर परिणाम झालाय. उद्या पैसे भरायचेत. काढावा का नाही, एवढंच सांगा.

उदगीरकर
ईईजी फिट येणाऱ्याचा काढतात. भावाला फिट येतात का? आमच्या पुतण्याचा काढला होता. आदल्या दिवशी डोकं धुवा, केसाला तेलाचा थेंब नको, नाहीतर त्या तारा चिकटत नाहीत.

केजकर८१
फिट नाही. तेलाचं विचारलं नाही.

चाकावरचा
मार कधीचा? कुठला मणका? ऑपरेशन झालं का? लघवीला नळी आहे का? गोळ्या कोणत्या? हे न सांगता 'काढावा का नाही' विचारणं म्हणजे रान न दाखवता खत किती टाकू विचारणं. मी स्वतः डी-४, म्हणजे पाठीचा चौथा मणका, अकरा वर्षं खुर्चीवर.

केजकर८१
उसाच्या ट्रॉलीवरून पडला, दीड वर्ष झालं. डी-१०. रॉड टाकलेत. नळी आहे.

मांजराकाठ
रुईचं पान घ्या, तिळाचं तेल लावा, तव्यावर गरम करून तळपायाला बांधा. वर विटेचा शेक. माझ्या आईची टाचदुखी आठ दिवसांत गेली. ह्या मशीनी सगळ्या पैसे काढायच्या.

चाकावरचा
मांजराकाठ, हात जोडतो, हे पुसून टाका. आईच्या टाचेला चटका कळतो, ह्याच्या टाचेला कळत नाही. पहिल्या वर्षी मावशीनं मायेनं मला गरम विटेचा शेक दिला. मी गप्पा मारत बसलेलो. वास आला तेव्हा कळलं. टाचेवर लिंबाएवढा फोड, आणि ती जखम भरायला पाच महिने. शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, काही नाही.

मांजराकाठ
कोमट म्हणालो असतो तर चाललं असतं का? आजकाल घरगुती काही सांगायची सोयच नाही.

परभणीचे मास्तर
ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. माणसाच्या ह्या लहरी पहिल्यांदा जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये नोंदवल्या, १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. शंभर वर्षं झालेली तपासणी आहे, तिला फसवणूक म्हणणं योग्य नाही.

केजकर८१
मास्तर, तपासणी जुनी आहे हे बरंय. भावाचं काय?

फिजिओताई
दादा, आधी शेजाऱ्यांचं. भावाच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही आणि तो नाटकही करत नाही. मज्जारज्जूला मार लागलेल्यांत साधारण निम्म्या लोकांना अशी आग, चमका, करंट असतात. कारण असं, की पायाची एक जागा मेंदूतही असते. खालून येणारे निरोप थॅलॅमस नावाच्या मधल्या नाक्यावरून वर जातात. रज्जू तुटला की निरोप बंद, पण तो नाका शांत बसत नाही. रेडिओला स्टेशन लागलं नाही तर तो खरखरतो ना, तसं. ती खरखर मेंदू पायाच्या खात्यावर मांडतो. पाय तोडलेल्या माणसाचा नसलेला अंगठा दुखतो, त्याच्याच जातीचं हे.

ईईजीत हे दिसतं का? संशोधनात दिसलंय. अशा दुखण्यात सेकंदाला ४ ते ८ ठोक्यांच्या संथ थीटा लहरी वाढलेल्या आणि त्याहून जलद अशा अल्फा लहरी मंदावलेल्या सापडतात. पण हा फरक बऱ्याच रुग्णांची सरासरी काढल्यावर दिसतो. एकट्या तुमच्या भावाचा कागद बघून 'दुखतंय' किंवा 'दुखत नाही' असं कुणी सांगू शकत नाही. ह्या दुखण्याचं निदान विचारून आणि अंग तपासूनच होतं.

केजकर८१
म्हणजे नको काढू?

फिजिओताई
त्यांनाच विचारा, रिपोर्टनं उपचारात काय बदलणार? 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर साडेतीन हजार वाचवा. आणि मशीन कसली?

केजकर८१
डोक्याला पट्टा बांधून बसवतात म्हणे.

चाकावरचा
बाहेरून मेंदूला सौम्य वीज किंवा चुंबकाचे झटके देतात, ते असेल. काहींना फरक पडतो. मला पंधरा दिवस पडला, मग पहिल्यासारखं. तो पुढचा विषय. तुम्ही गोळ्यांचं अजून सांगितलं नाही.

केजकर८१
रात्रीची एक कॅप्सूल होती, प्रीगाबालिन. दिवसभर गुंगी यायची म्हणून दसऱ्याला बंद केली. ते महत्त्वाचं आहे का?

चाकावरचा
अरे देवा.

फिजिओताई
आग कधीपासून वाढली?

केजकर८१
दसऱ्यानंतरच. आणि लघवी पण गढूळ यायलीय, वास येतो. नळी बदलून दोन महिने झाले असतील.

फिजिओताई
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, दादा. नसांच्या दुखण्यावरची ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, कमी करायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. पण आता मनानं परत सुरूही करू नका, डोस तेच ठरवतील. आणि उद्या लातूर राहू द्या, आधी लघवी तपासा. जंतुसंसर्ग झाला की अशा रुग्णाची आगही वाढते आणि पायाचे आचकेही. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे.

चाकावरचा
नळीचं म्हणूनच विचारलं होतं. माझ्यासारख्या डी-६ च्या वरच्यांची नळी तुंबली तर बीपी एकदम चढतो, डोकं फुटायची वेळ येते. डी-१० ला तो धोका सहसा नसतो, पण दोन महिने तीच नळी म्हणजे हद्द झाली.

मांजराकाठ
अंबाजोगाईला जाताय तर सकाळी लवकर निघा. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंय का? एसटीत सवलत मिळते.

केजकर८१ (पाच दिवसांनी)
लघवीत इन्फेक्शन निघालं. नळी बदलली, औषध चालू आहे. कॅप्सूल कमी डोसनं परत दिली, गुंगी आली तर कळवा म्हणले. आग आहे, पण काल सलग चार तास झोपला. दीड महिन्यात पहिल्यांदा.

ईईजी काढलाच. तुम्ही नको म्हणलात, पण भावानंच हट्ट धरला, लोकांना कागद दाखवायचाय म्हणाला. रिपोर्टवर सगळं मर्यादेत असं आलंय. तेव्हापासून एकच विचारतोय, म्हणजे मला दुखत नाही असं लिहिलंय का त्यात? काय सांगू?

चाकावरचा
सांगा, त्या कागदाला दुखणं वाचताच येत नाही. आणि रात्री दहानंतर त्यालाच इथं लिहायला बसवा. मी जागाच असतो.

उदगीरकर
केसाला तेल नव्हतं ना पण?