'सीझन'ला हंगाम म्हणावं की मोसम?

आडवाट
विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन कॉलेज सॉकरवरचा लेख मराठीत करतेय. १ एप्रिल १९०५ ला फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजच्या पोरांनी हार्वर्डला १–० नं हरवलं. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सॉकर सामना म्हणून हॅवरफर्डवाले तो अजून मिरवतात. मी लिहिलं, 'हॅवरफर्डचा १९०४–०५चा हंगाम'. मुद्रितशोधकांनी त्यावर लाल काट मारून समासात लिहिलं: "खेळाडू म्हणजे ज्वारी नव्हे. मोसम करा." काय करू? आणि दोन सालांत पसरलेला हंगाम वाचकाला खटकेल का?

उसाचं चिपाड
खटकायचं काय त्यात? वडील साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू, पट्टा पडला की संपला. मधे जानेवारी येऊन गेला तरी गळीत हंगाम एकच. हॅवरफर्डचंही तेच. हंगामच ठेवा.

निखळ
'हंगाम' फारसी, 'मोसम' अरबी. मराठीत 'क्रीडासत्र' असताना ही उसनवारी कशाला?

उसाचं चिपाड
सत्र म्हटलं की मला परीक्षेची फी आठवते.

तिकटी
आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हंगामच म्हणतात. पेठापेठांतल्या तालमींची पोरं पावसाच्या आत तो उरकतात. 'मोसम' कुणी म्हटलं तर स्टेडियमात बाजूचा माणूस वळून बघंल. पण ताई, 'सॉकर' कशाला? फुटबॉल म्हणा की.

आडवाट
तिथेच तर गोची आहे. त्या कॉलेजांत फुटबॉल म्हणजे दुसराच, धडकाधडकीचा खेळ. त्यात पोरं जिवानिशी जायची, म्हणून ऑक्टोबर १९०५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतलं होतं. दोन्हींना फुटबॉल लिहिलं तर कोण कुणाला लाथ मारतंय ते कळायचं नाही.

निखळ
मग 'पदकंदुक'. सॉकर हा अमेरिकन अपभ्रंश आहे.

जुनापुराणा
चूक. शब्द इंग्लंडातलाच. 'असोसिएशन फुटबॉल'मधला मधला तुकडा उचलून विद्यार्थ्यांनी शेपटीला 'अर' जोडला. रग्बीचं 'रगर' केलं, तसंच. आता इंग्रज नाक मुरडतात ते सोडा. बाकी 'हंगामी' म्हणजे तात्पुरता, त्यामुळे 'हंगामी कर्णधार' लिहू नका. वाचकाला वाटेल खऱ्याचा पाय मुरगळलाय.

आडवाट
अरे देवा. दुसऱ्याच परिच्छेदात तेच लिहिलंय.

लिंबूटिंबू
मोसमावरून आठवलं, मोसंबीही मोसमावरूनच आली ना? आजी सांगायची, मोसमात येते ती मोसंबी.

जुनापुराणा
नाही हो, ती मोझांबिकवरून. मोसमावरून आला तो इंग्रजांचा 'मॉन्सून', तोही पोर्तुगिजांमार्फत.

लिंबूटिंबू
आजीच्या दारात झाड होतं. तिला मोझांबिक ठाऊकही नव्हतं.

तिकटी
झाडाला तरी कुठं ठाऊक असतंय!

आडवाट
मंडळी, उद्या लेख द्यायचाय. आणि सामना 'बरोबरीत सुटला' यावरही लाल काट आहे. तिथे 'अनिर्णित' हवं म्हणे.

तिकटी
सुटला म्हणजे सुटला. त्यांना एकदा मॅचला घेऊन या.

निखळ
'मॅच'?