चकमकीचं पिस्तूल केपावर आणलेलं, घ्यावं का?

व्हर्जिनियाकर: मंडळी, रिचमंडजवळच्या जुन्या बाजारात अमेरिकन लष्कराचं १८३६ मॉडेलचं पिस्तूल पाहिलं. नळीचं भोक ०.५४ इंच, ताटलीवर (घोडा बसतो त्या लोखंडी पट्टीवर) बनवणाऱ्या आर. जॉन्सनचं नाव आणि १८४२ साल. मूळ चकमकीचं (गारगोटीच्या ठिणगीवर चालणारं), आता केपाचं (घोड्याच्या ठोक्यानं फुटणाऱ्या टोपीवर चालणारं). विक्रेता म्हणतो, हा बदल १८६१ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, दक्षिणेच्या फौजेसाठी केलेला. त्यापायी दुप्पट मागतोय. नवखा आहे, हसू नका.

रंजक: दुप्पट अजिबात नको. सरकारी शस्त्रशाळांनी युद्धाच्या कितीतरी आधीपासून चकमकीची हत्यारं केपावर आणायला घेतली होती. निपल, म्हणजे केप चढवायची बोंडी, कुठे बसवलंय?

व्हर्जिनियाकर: बाजूला. काना (नळीतली दारू पेटवायचं बारीक भोक) होता तिथे सुपारीएवढा गोल तुकडा आट्यांवर बसवलाय, निपल त्याच्यावर. रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी गायब. ताटलीवरची जुनी भोकं पितळेनं बुजवलीत, बोट फिरवलं की लागतात.

रंजक: हा ड्रम. सगळ्यात सोपा आणि स्वस्त बदल: काना मोठा करायचा, आटे पाडायचे, ड्रम पिळायचा, घोडा बदलायचा. सरकारी कामात बऱ्याचदा काना बुजवून निपल थेट नळीच्या माथ्यावर बसवत. दक्षिणेकडे कारखाने थोडे आणि घाई फार, त्यामुळे तिथे ड्रम खूप झाले हे खरं. पण उत्तरेतले गावोगावचे बंदूकवालेही तेच करत. ड्रम दिसला की दक्षिण, हे गणित दुकानातलं. कागद नसेल तर साध्या ड्रमवाल्याचा भाव द्या.

जुनं_लोखंड: आणि घेतल्यावर "परत चकमकीचं करून देतो" म्हणणारे भेटतील. हात जोडा. नवी वाटी, नवा घोडा लावून पिस्तूल खोटं होतं. पॉलिशही नको, नळीवरचा तो काळपट तपकिरी रंगच तर हवा असतो.

केपवाला_सावंतवाडी: दादा, भाव राहू दे. भरलेलं आहे का बघितलंस? आमच्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत वीस वर्षांची दारू निघाली होती. तोंडासमोर न येता बांबूची काडी आत घाल, तोंडाशी खूण कर, मग काडी बाहेरून नळीला लाव. टोक ड्रमपर्यंत पोचलं पाहिजे, अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे.

रंजक: आणि इकडे भारतात आणायचा विचार असेल तर आधी परवान्याचं बघा. दुरुस्त करून चालू शकणारं हत्यार नुसतं जुनं म्हणून सुटत नाही.

व्हर्जिनियाकर: आज पुन्हा गेलो. काडी ड्रमच्या दोन बोटं अलीकडेच अडली. विक्रेत्यानं पिस्तूल माझ्या हातून अलगद काढून घेतलं आणि म्हणाला, आधी रिकामं करून आणतो, किमतीचं मग बोलू.