धडगावचा जुना नकाशा चार किलोमीटर पूर्वेला का सरकतो?

नर्मदाकाठ:
राम राम मंडळी. धडगाव भागाचा एक इंचाला एक मैल असा जुना नकाशा ४०० डीपीआयवर स्कॅन केला आहे. वर नुसतं 'खानदेश जिल्हा' छापलंय. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला. उत्तर-दक्षिण जुळतं, पण सगळी गावं चार किलोमीटर पूर्वेला जातात. नर्मदेत बुडालेले पाडे आणि पायवाटा नोंदवायच्या आहेत.

तापीखोरे:
भाऊ, तुमचे आकडे बरोबर आहेत, नकाशाचे रेखांशच जुने आहेत. नुसतं 'खानदेश' म्हणजे १९०६ च्या आधीचं काम. त्या साली जिल्हा फुटून अक्राणी, म्हणजे धडगावचा तालुका, पश्चिम खानदेशात गेला. तेव्हाचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावरून धरलेले, ते २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त आहेत. धडगावच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण २८.७ मीटर, १४७ सेकंदांचे झाले ४.२ किलोमीटर. प्रत्येक रेखांशातून तेवढं वजा करा. आधी समास वाचा मात्र. रेखांश सुधारल्याची टीप तिथे असेल तर पुन्हा वजाबाकी नको, नाहीतर गावं पश्चिमेला पळतील.

मग जो थोडा फरक उरेल तो एव्हरेस्ट गोलाभाचा, म्हणजे तेव्हा धरलेल्या पृथ्वीच्या आकाराचा. सीआरएस (निर्देशांक पद्धत) आजची डब्ल्यूजीएस ८४ न ठेवता जुनी कालियानपूर निवडा.

सातपुडा_पायवाट:
नकाशा कापडावर तुकडे करून चिकटवलेला असेल तर मधल्या फटीही मापात शिरतात. प्रत्येक तुकडा वेगळा बसवा. पडताळणीला नदीचं वळण घेऊ नका, तिथे आता जलाशय आहे. शिखरं, खिंडी आणि पाण्याच्या वरचे नाल्यांचे संगम घ्या. सर्वे ऑफ इंडियाच्या ४६ के/१ पत्रकाशी ताडून बघा. गाव ७४ अंशांच्या पश्चिमेला असेल तर ४६ जी/१३.

काय बुडालं ते ठरवायला सरदार सरोवराची, म्हणजे नर्मदेवरच्या त्या जलाशयाची, पूर्ण पातळी धरा: १३८.६८ मीटर, म्हणजे ४५५ फूट. जुन्या नकाशावर उंची फुटांत असते, हे विसरू नका. डोंगर नुसत्या उताराच्या बारीक रेघांनी दाखवले असतील तर त्यावरून उंची काढता येत नाही. तिथे एसआरटीएम, म्हणजे अंतराळयानातून रडारने केलेली उंचीची मोजणी, वापरा: ती फेब्रुवारी २००० ची, धरण तेव्हा पूर्ण उंचीला पोचलं नव्हतं. आज पाण्याखाली असलेले कितीतरी उतार त्यात उघडे सापडतात.

नर्मदाकाठ:
वजाबाकी केली, धडगाव जागेवर आलं! आता एकाच नावाखाली चार ठिकाणी घरांचे ठिपके आहेत. नाव कोणत्या ठिपक्याला लावायचं?

तापीखोरे:
चारही. पावरा आणि भिल वस्ती शेताशेतांत विखुरलेली असते, नकाशावरचं नाव अख्ख्या गावाचं. ठिपके वेगळे नोंदवा, पाड्याचं नाव पुनर्वसन वसाहतीतल्या जुन्या माणसांकडून घ्या. पायवाटेला नेमकेपणा चिकटवू नका: अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ३२ मीटर होते.