एल्कच्या टॅगसाठी पॉइंट साठवत राहायचे की वापरून टाकायचे?

सातारी_अरोरात

नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत अरोराला राहून सहा वर्षं झाली. ऑफिसातल्या एका मित्रामुळे हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि गेली दोन वर्षं एल्कच्या (इथलं मोठं हरीण) ड्रॉमध्ये, म्हणजे एक प्राणी मारायच्या परवान्याच्या, टॅगच्या, सोडतीत अर्ज टाकतोय. दोन्ही वेळा पहिली पसंती युनिट २०१ (शिकारीसाठी आखलेल्या भागांपैकी एक) मधला नर, आणि दोन्ही वेळा नाही लागला. आता खात्यात दोन प्रेफरन्स पॉइंट दिसतात. मित्र म्हणतो, "हात लावू नकोस, साठू दे, एक ना एक दिवस मिळेलच." मी ४१ वर्षांचा आहे. हा एक दिवस साधारण कधी येतो?

दुसरं म्हणजे बायकोनेही यंदा कोर्स केलाय. दोघांनी मिळून अर्ज केला तर पॉइंटांची बेरीज होते का? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपते, म्हणून जरा घाईत विचारतोय.

लिटलटनचे_बापू

आधी बायकोचं सांगतो, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. बेरीज होत नाही. कोलोरॅडोत गटाने अर्ज केला की गटात ज्याचे पॉइंट सगळ्यांत कमी, तेवढेच सगळ्यांचे धरतात. माझे सात होते. पुतण्या नवा, त्याचे शून्य. दोघांनी एकत्र जायचं म्हणून हौसेने एकच अर्ज टाकला. तो टॅग त्या वर्षी सहा पॉइंटवाल्यांनाही लागला आणि आम्ही सोडतीत शून्यावर उभे. पॉइंट बुडाले नाहीत, उलट दोघांना एकेक मिळाला, पण वर्ष गेलं. शेजारच्या वायोमिंगमध्ये गटाची सरासरी धरतात, तिथलं ऐकून इथे अर्ज भरू नका.

आता मुख्य प्रश्न. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव असं तुमच्या मित्राला वाटतंय. ती रेशनच्या दुकानासारखी रांग आहे, आणि दुकानात माल ठरलेलाच येतो. ज्याचे पॉइंट जास्त तो पुढे. पहिल्या पसंतीचा टॅग लागला की तुम्ही शून्यावर. नाही लागला की एक पॉइंट वाढतो. पण तुमच्या बरोबरीने रांगेतल्या प्रत्येकाचाच वाढतो, हे लोक विसरतात.

आकडे घेऊन बघा. आकडे माझ्या मनचे आहेत, हिशेब खरा आहे. एका युनिटात २० टॅग. बारा पॉइंटवाले ९ जण, अकरावाले १५, दहावाले ३०, नऊवाले ४५. पहिल्या वर्षी बारावाल्या नऊही जणांना मिळतात, अकरावाल्यांपैकी अकरा जणांना. चार उरले. दुसऱ्या वर्षी ते चार आणि मूळच्या दहावाल्यांतले सोळा. चौदा उरले. तिसऱ्या वर्षी ते चौदा आणि मूळच्या नऊवाल्यांतले फक्त सहा. एकोणचाळीस उरले! इथपर्यंत अकरा पॉइंटांवर काम भागत होतं. चौथ्या वर्षी ते एकोणचाळीस जण बारावर पोचलेत आणि टॅग वीसच, म्हणजे अकरावाल्याच्या हाती काहीच नाही. तुम्ही दर वर्षी एक पायरी चढता आणि दार एक पायरी वर सरकतं. याला इथले लोक 'पॉइंट क्रीप' म्हणतात. २०१, २, १० ही वायव्य कोपऱ्यातली युनिटं याच दुखण्याची आहेत. तिथे वीस-वीस वर्षं थांबलेली माणसं तुमच्या पुढे आहेत. दोन पॉइंट घेऊन त्यांच्या मागे उभं राहू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

फार मागणीच्या काही टॅगांत २० टक्क्यांपर्यंत टॅग वेगळे काढून कमीत कमी पाच पॉइंट असलेल्यांमध्ये चिठ्ठ्या टाकतात. म्हणजे पाचानंतर थोडी फट आहे. पण त्या फटीच्या भरवशावर कोणी वर्षांचा बेत आखू नये.

मग करायचं काय? अर्जात चार पसंती असतात आणि पॉइंट फक्त पहिलीला लागतात. पहिल्या पसंतीला थेट पॉइंटचाच कोड टाका, एल्कचा ई-पी-९९९-९९-पी. दुसरीला मादीचा टॅग टाका. दुसऱ्या पसंतीचा टॅग लागला तरी साठलेल्या पॉइंटांना धक्का लागत नाही. म्हणजे पॉइंटही वाढतो आणि शरदात रानातही जाता येतं. कोड वाचायला शिका: ई-एफ-०१२-ओ३-आर म्हणजे एल्क, मादी, युनिट १२, तिसरा रायफल हंगाम, रायफल. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर 'ड्रॉ रीकॅप' नावाची जाडजूड फाइल असते. त्यात प्रत्येक कोडला किती पॉइंटवाले किती आले आणि किती जणांना लागला ते ओळीने दिलेलं असतं. मी दर फेब्रुवारीत तीन-चार वर्षांच्या फायली शेजारी ठेवून बघतो. एकाच वर्षाची बघितली तर फसाल. आणि अर्जाआधी क्वालिफायिंग लायसन्स, म्हणजे अर्जाला पात्र ठरवणारं लायसन्स, घ्यायला विसरू नका, त्याशिवाय अर्जच पुढे जात नाही.

पुतण्याबरोबरच्या त्या फसलेल्या अर्जानंतर पुढच्या वर्षी मी एकट्याने आठ पॉइंट लावून तोच नराचा टॅग घेतला. पाच दिवस राहिलो. बर्फ पडलाच नाही, कळप वर झाडांच्या शेवटच्या रेषेलाच राहिले. एक नर दिसला, पलीकडच्या उतारावर, सूर्य त्याच्या शिंगांवर आणि मधे सगळी दरी. टॅग कोराच घरी आला आणि पॉइंट शून्य. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या पसंतीच्या मादीच्या टॅगवर मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या पायथ्याशी गेलो. नोव्हेंबर, ओकच्या झुडपांत घोट्याएवढं बर्फ. दुपारी तीनला मादी मिळाली. टॅगवर सही-तारीख घातली आणि सोलायला बसलो. मादीच आहे हे तपासणीत दिसावं म्हणून कासेचा तुकडा मागच्या मांडीला तसाच ठेवावा लागतो. पहिल्यांदा मी तो सवयीने कापायलाच निघालो होतो, पुतण्याने हात धरला. मांसाला वाफ येत होती आणि बोटं तेवढीच गरम होती. चार फेऱ्यांत गाडीपर्यंत आणलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. घरी फ्रीजर भरला. एल्कला चरबी जवळजवळ नसते, म्हणून खिमा करताना तेल जरा सढळ घाला. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात तो असा लागतो की आमच्या घरी आता बाजारचं मटण क्वचितच येतं.

टक्सनकर

बापूंचं कोलोरॅडोपुरतं अगदी खरं, पण राज्यागणिक नियम बदलतात. आमच्या ॲरिझोनात प्रेफरन्स नाही, बोनस पॉइंट आहेत. पॉइंट जास्त म्हणजे तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. २० टक्के टॅग वरच्या पॉइंटवाल्यांना, बाकी सगळ्यांना संधी. शून्यवाल्यालाही लागू शकतो. नेव्हाडात पॉइंटचा वर्ग करतात (पाचाचे पंचवीस, सहाचे छत्तीस), म्हणून पाच आणि सहातला फरक मोठा होतो. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत एल्कला पॉइंटच नाहीत, आपल्या म्हाडाच्या सोडतीसारखं: दहा वर्षं अर्ज करणारा आणि काल आलेला सारखेच. मला म्हणाल तर तेच जास्त बरोबर वाटतं. रांगेच्या पद्धतीत आज अठरा वर्षांच्या झालेल्या पोरांना चांगली युनिटं कधी दिसणार?

पुण्याची_मीरा

मी शिकारीच्या विरोधात आहे, तरी मनापासून विचारते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली. तिथे सरकार स्वतः टॅग का वाटतं?

लिटलटनचे_बापू

मीराताई, विचारलंत ते बरं केलंत. शतकापूर्वी बेसुमार शिकारीने इथले एल्क संपत आले होते, वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. आज देशातले सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत. खातं दर वर्षी कळपांचा अंदाज घेतं आणि त्यावरून प्रत्येक युनिटात किती नर, किती माद्या ते ठरवतं. टॅग म्हणजे त्या आकड्यातला एक प्राणी. लायसन्सच्या पैशावर खात्याचा मोठा भार चालतो, आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा करही वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे येतो. मांस वाया घालवणं हा इथे गुन्हा आहे. आपल्याकडची परिस्थिती वेगळी, बंदी हवीच होती, ती उठावी असं मी कधी म्हणणार नाही. मी साताऱ्याकडचाच, कासच्या वाटेवर भेकर दिसलं की अजूनही गाडी थांबवून बघत बसतो.

सातारी_अरोरात

बापू, खूप आभार. आणि तुम्ही गाववाले निघालात! रात्री बसून तीन वर्षांचे ड्रॉ रीकॅप उघडले. २०१ सोडलं. दोघांचे अर्ज वेगळे टाकतोय, दोघांची पहिली पसंती पॉइंटचा कोड, दुसरी युनिट १२ ची मादी. एकालाच लागला तर दुसऱ्याने बरोबर जाऊन मांस वाहायला हरकत नाही ना?

लिटलटनचे_बापू

अजिबात नाही. ज्याच्या नावाचा टॅग त्यानेच मारायचं, एवढं पाळा. तुमच्याकडे मागे लावायची जुनी लोखंडी पॅक फ्रेम नसेल तर माझ्याकडे दोन आहेत, ऑक्टोबरमध्ये येऊन घेऊन जा. वहिनींनाही नारिंगी नाहीतर गुलाबी जाकीट घ्या, रायफलच्या हंगामात निदान ५०० चौरस इंच लागतं आणि डोक्यावरही काहीतरी त्याच रंगाचं हवं.