मदत हवी आहे: पुढच्या डाव्या चाकाचा फक्त आतला ब्रेक पॅड झिजलाय, पिस्टनही मागे जात नाही

मंडळी, आमच्या सात आसनी मिनीव्हॅनचे पुढचे पॅड घरीच बदलायला घेतलेत. उजवी बाजू विनातक्रार झाली. डावीकडे मात्र बाहेरच्या पॅडवर निम्म्याहून जास्त लायनर शिल्लक आहे आणि आतल्यावर जेमतेम २ मिमी. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्यातली खालची स्लाइड पिन पक्कडीने पिळली तेव्हा कुठे निघाली. रबरी टोपीला चीर, पिनेवर तांबूस गंज. वरची पिन बोटाने सरकते. पिस्टनला सी-क्लॅम्प लावला, कितीही आवळा, केसभर हलतो. लांबच्या प्रवासानंतर हे चाक उजव्यापेक्षा जास्त तापायचं, हेही सांगून ठेवतो.

नवे पॅड टाकून गाडी चालवली तर चालेल का? वरच्या-खालच्या पिनांची अदलाबदल चालते का? एकीच्या टोकाला रबरी बुश आहे, दुसरी साधी. आणि डिस्कच्या कडेला नखाला लागणारी धार आलीय, म्हणजे डिस्कही गेली का?

गाडी स्टँडवर आहे, मागच्या चाकांना गुटके आहेत, कॅलिपर तारेने टांगलाय, ब्रेक ऑइलच्या होसवर (रबरी नळीवर) लोंबकळत नाही. त्यावरून शाळा घेऊ नये ही विनंती :)

प्रतिसाद
पॅड इतक्यात टाकू नका, तेही असेच खाल्ले जातील. या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो. बाहेरचा पॅड डिस्कला टेकायचा तर अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून यावा लागतो. पिन जाम झाली की सगळं काम एकट्या आतल्यावर येतं. पिनेला गंजाने खड्डे पडले असतील तर ती बदला, नाहीतर पिन आणि तिचं भोक दोन्ही साफ करा. टोपी नवी हवीच. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठी असतं ते. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. अदलाबदल नाही, बुशवाली होती तिथेच जाईल.

कडेच्या धारेवरून डिस्क गेली असं ठरत नाही. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. पॅड घासतो त्या पट्ट्यात मायक्रोमीटरने मोजा, कडेवर नको.

प्रतिसाद
ब्रेकचा मामला आहे, गॅरेजला द्या की राव.

प्रतिसाद
गॅरेजला द्यायचं तर द्या, पण आधी एक तपासणी करा. कॅलिपरच्या ब्लीड निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा. निपल किंचित उघडा आणि मग पिस्टन दाबा. तरीही अडला तर पिस्टन गंजलाय. सहज आत गेला तर पिस्टन निर्दोष, रबरी होस आतून सुजलाय: पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत यायला वाट नाही. चाक तापतं म्हणालात, म्हणून विचार आला. क्लॅम्प सोडण्याआधी निपल बंद करा, नाहीतर हवा ओढली जाईल. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

धागाकर्ता
केलं. निपल उघडताच पिस्टन लोण्यासारखा आत गेला. म्हणजे होस? एकच बदलू का?

प्रतिसाद
होसच. पुढचे दोन्ही बदला, वय सारखंच आहे. बँजो बोल्टचे (होस कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने गळतात. होस बसवल्यावर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, कुठे ताणला किंवा घासला जाऊ नये. मग ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, त्यानंतरच पेडल सोडायचं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. ऑइलचा ग्रेड टाकीच्या झाकणावर असतो.

धागाकर्ता
ठीक. होस, वॉशर, पिनेचा किट आणि ऑइल आणतो. तोवर गाडी स्टँडवरच.

प्रतिसाद
आणि सगळं जोडून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं.