मिश्रधातूत चुंबकत्व मदत करतं म्हणे!

ट्रॉम्बेकर
काल इथे अतिवाहकतेवर, म्हणजे थंड केल्यावर धातूचा वीज-रोध पूर्ण जातो त्यावर, एकानं ठोकून दिलंय: 'चुंबकत्व अतिवाहकतेचा शत्रू ही जुनी पोथी. 2008 ला लोहाच्या आर्सेनाइडमध्ये 26 केल्विन मिळाले आणि ती बुडाली. व्हॅनेडियम-टायटॅनियममध्येसुद्धा स्पिन फ्लक्चुएशन (इलेक्ट्रॉनच्या चुंबकी दिशांची थरथर) अतिवाहकतेला लागणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या जुळवायला हातभारच लावतात.' वर वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून लिहितोय.

हातभार? पॅलेडियम बघा. फर्मी पातळीवर (इलेक्ट्रॉन भरत गेले की येणारी सर्वात वरची पायरी) स्टेट्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागांची रेलचेल, जोड्यांना हवी तशी, तरी कितीही थंड करा, अतिवाहक होत नाही. कारण तो फेरोमॅग्नेट (लोहासारखा चुंबक) होता होता राहिलाय. बर्क आणि श्रीफर यांनी 1966 लाच मांडलं: पॅरामॅग्नॉन (हीच स्पिनची थरथर) आसपासचे स्पिन एका दिशेला ओढतात, सिंगलेट जोडीला लागतात उलटे. त्याच पॅलेडियमच्या गार फिल्मवर हेलियम आयनांचा मारा केला तर जाळी विस्कटते, स्टेट्सचं टोक बोथट होतं, आणि 3.2 केल्विनला अतिवाहकता येते. चुंबकत्वाची ओढ ढिली पडली, जोडी जमली.

आर्सेनाइडची गोष्ट वेगळी. बहुतेकांच्या मते तिथे जोडीच्या लहरीचं चिन्ह फर्मी पृष्ठभागाच्या एका तुकड्यावर अधिक, दुसऱ्यावर उणे, म्हणून तिथे स्पिनची ढकलाढकल फायद्याची ठरते. मिश्रधातूत अणू वाट्टेल तिथे बसलेले. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे विखुरले की अधिक-उण्याची वजाबाकी होते. टिकते ती एकाच चिन्हाची जोडी, आणि तिला ही फ्लक्चुएशन नडतातच.

पवई_चार_केल्विन
काका, बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये कोबाल्ट थेट लोहाच्याच थरात घालतात. सगळा अस्ताव्यस्तपणा तिथेच. तरी टीसी (अतिवाहक होण्याचं तापमान) 20 केल्विनच्या वर. तुमच्या हिशोबानं ती शून्य हवी होती, नाही का?

ट्रॉम्बेकर
बरं, घ्या हा एक गुण. द्यायला जिवावर येतंय, पण घ्या. व्हॅनेडियम-टायटॅनियमचं काय? इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्यांनी त्याच मिश्रधातूंवर काम करून फ्लक्चुएशननं टीसी दबते असंच म्हटलंय.

पवई_चार_केल्विन
'दबते' हे ठरतं कशावरून? फक्त फोनॉन (अणूंच्या जाळीची कंपनं) धरून काढलेली टीसी मोजलेल्यापेक्षा जास्त येते, आणि उरलेला फरक स्पिनच्या नावे लिहायचा. म्यू-स्टार (इलेक्ट्रॉन एकमेकांना किती ढकलतात त्याचा अंदाजे धरलेला आकडा) थोडा हलवा, फरक गायब! मग सांगा कोण पोथीवाला.

सॅम्पल_जळालेला
तुम्ही दोघं थिअरी खेळत बसा. मथायस (नवे अतिवाहक शोधणारा प्रयोगवाला) उगाच म्हणत नसे की थिअरीवाल्यांपासून लांब राहा. तुमचं निम्मं 'स्पिन फ्लक्चुएशन' म्हणजे नुसती घाण असते. मॉलिब्डेनम अतिवाहक आहे हे 1962 पर्यंत कळलंच नव्हतं, कारण दशलक्षात थोडेसे लोहाचे अणू असले तरी ते झाकलं जायचं. शुद्ध केल्यावर 0.92 केल्विन. तेच लोह नायोबियममध्ये घाला, मोमेंटच (स्वतःचं चुंबकत्व) धरत नाही. आणि ऑक्सिजन? नायोबियममध्ये एक अणू-टक्का गेला की टीसी साधारण 0.9 केल्विननं खाली.

आता आमच्याकडची गोष्ट. व्हॅनेडियम हवं होतं. मी शुद्धतेचा आकडा लिहून दिला, खरेदीवाल्यांनी एल-वन धरलं: सर्वात स्वस्त कोटेशन, विषय संपला. आलेल्या तुकड्यांना सर्टिफिकेट होतं, त्यावर शिक्काही होता. आर्क फर्नेसमध्ये वितळवलं, टीसी हवी तिथे नाही. गाइड खूश, 'फ्लक्चुएशन दिसली!' मी तुकडे तपासायला पाठवले तर लोखंड निघालं. पेपर तोवर अर्धा लिहून झाला होता.

गुलालवाडी_जुना
हे एल-वनचं दुखणं सगळीकडे आहे. आमच्या दुकानात लोक 'नाइन-नाइन-नाइन' (99.9 टक्के शुद्ध) मागायला येतात, परवडत नाही म्हटलं की शिक्का तेवढा मागतात. दोष दुकानाला!

सॅम्पल_जळालेला
शिक्का देता म्हणून तर मागतात.

गुलालवाडी_जुना
तोंड सांभाळून. आम्ही कचरा कचरा म्हणूनच विकतो. तुम्ही त्याचे पेपर करता.

विद्यानगरी_सावली
हे कुठल्या कुठे चाललंय! आमच्याकडे आर्क फर्नेसच नाही. दुसऱ्याच्या फर्नेसवर वेळ मागा, मग महिनोन्‌महिने वाट बघा. हेलियमच्या दराबद्दल तर बोलायलाच नको. ते कुणी मांडणार आहे का?

ट्रॉम्बेकर
हेलियमवर वेगळा धागा काढा. माझा प्रश्न तसाच आहे: सगळं घाणीवर ढकललं तर पॅलेडियमचं काय? त्याची ससेप्टिबिलिटी (चुंबकाला मिळणारा प्रतिसाद) शुद्ध नमुन्यातही फुगलेलीच असते. आणि हायड्रोजन भरला की ती पडते, टीसी 9 केल्विनवर जाते.

पवई_चार_केल्विन
ते श्रेय बरंचसं हायड्रोजनच्या फोनॉनचं. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) भरलं तर 11 च्या आसपास, म्हणजे अणूचं वजन बदललं की टीसी बदलते, तीही जड आयसोटोपला जास्त. हा पुरावा एकट्या पॅरामॅग्नॉनच्या पदरात टाकू नका.

सॅम्पल_जळालेला
वाद मिटवायचा असेल तर ज्या तुकड्यावर टीसी मोजली त्याचीच ससेप्टिबिलिटी 10 ते 50 केल्विनमध्ये द्या. टीसीच्या खाली काही दिसणार नाही, तिथे अतिवाहकाचं डायमॅग्नेटिझम (चुंबकी क्षेत्र बाहेर हाकलणं) सगळं झाकतं. थंड होताना क्युरीचं शेपूट (सुट्या चुंबकी अणूंमुळे वाढत जाणारा प्रतिसाद) वर गेलं तर आधी लोखंड शोधा.

पवई_चार_केल्विन
आणि शेपूट नसेल तर?

सॅम्पल_जळालेला
तर काकांचं खरं. पण शुद्ध व्हॅनेडियम एल-वनला मिळालं तर मला कळवा.